फोटो चार ठिकाणी, टिपणे पाच ठिकाणी: कोणते साधन ठेवावे, कोणते सोडावे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मी जुळे सोलापुरात राहते. तीन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाले. फोन, गूगल फोटोज, जुना लॅपटॉप आणि चार पेनड्राइव्ह मिळून माझे अडतीस हजारांच्या आसपास फोटो आहेत आणि फोन रोज ‘जागा संपली’ म्हणून सांगतो. टिपणे पाच वेगवेगळ्या ॲपमध्ये आहेत, कारण मुलगा दर दिवाळीला घरी आला की एक नवे ॲप टाकून देतो. शाळेच्या आठवणींचे माझे जुने लेख लॅपटॉपवर उघडले की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. नंतर वाचायचे म्हणून पॉकेट या ॲपमध्ये साठवलेले लेख तर ते ॲपच बंद झाल्याने गेले. शिवाय कपाटात सासूबाईंचे दोन अल्बम आहेत. त्या आता ८६ वर्षांच्या आहेत. हे सगळे एकाच ठिकाणी नीट ठेवणारे एखादे चांगले ॲप सुचवाल का?

ताई, सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचा सल्ला त्यावरच उभा आहे. सगळे एकाच ठिकाणी ठेवणारे ॲप मी सुचवणार नाही. तसा दावा करणारी ॲप्स पुष्कळ आहेत आणि आपली निम्मी अडचण त्यांच्यामुळेच उभी राहिली आहे, कारण प्रत्येक दिवाळीला नवे ॲप आले आणि जुन्यातला माल जुन्यातच राहिला. वाचन, लेखन आणि फोटो या तीन कामांना प्रत्येकी एक कायमचे घर ठरवा. घर निवडताना दिसायला काय छान आहे यापेक्षा आत ठेवलेली वस्तू उद्या जशीच्या तशी बाहेर काढता येते का, एवढे मात्र कसून तपासा.

पॉकेटच्या बाबतीत आपला काहीच दोष नव्हता. मोझिला या कंपनीने ती सेवा ८ जुलै २०२५ रोजी बंद केली आणि साठवलेल्या दुव्यांची यादी उतरवून घ्यायला थोडी मुदत दिली. ती सूचना ईमेलच्या ढिगात ज्यांच्या नजरेतून सुटली, त्यांची यादी गेली. त्याआधी गूगलने १ जुलै २०१३ रोजी संकेतस्थळांवरचे नवे लेख एकत्र दाखवणारे रीडर बंद केले आणि २०१६ मध्ये फोटो सांभाळणारे पिकासा थांबवले. टिपणांचे एव्हरनोट हे ॲप बंद झाले नाही, पण २०२३ च्या अखेरीस फुकट वापरणाऱ्यांना पन्नास टिपणे आणि एक वही एवढीच मर्यादा आली. म्हणजे कंपनी मोठी आहे, नाव जुने आहे, एवढ्यावर भरवसा टाकून चालत नाही. म्हणून बाहेर काढण्याची वाट आधी बघायची, मग आत पाऊल टाकायचे.

आता फोटो. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य फोनच्या जागेविषयी नसून सासूबाईंच्या वयाविषयी आहे. अडतीस हजार फोटो सहा महिने तसेच पडून राहिले तरी त्यांचे काही बिघडणार नाही. अल्बममधल्या माणसांची नावे मात्र आज बहुधा एकाच व्यक्तीच्या स्मरणात आहेत. म्हणून सुरुवात अल्बमपासून करा.

दुपारी ऊन थेट न येणाऱ्या खिडकीशी बसा. फ्लॅश बंद ठेवा, कारण चकचकीत कागदावर त्याचा पांढरा डाग पडतो. फोन फोटोच्या बरोबर वर, समांतर धरा. गूगलचे फोटोस्कॅन हे ॲप एकाच फोटोची कोन बदलून अनेक चित्रे घेऊन चमक काढून टाकते, ते या कामापुरते वापरून काम झाल्यावर काढून टाकले तरी चालेल. चिकटपानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. जिथे गोंद धरून बसला आहे तिथे पानासकटच चित्र घ्या. सुटा निघणारा फोटो असेल तर मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलीने, अलगद, नावे लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो आणि शाई पसरते.

आणि हे सगळे करताना दुसरा फोन बाजूला ठेवून आवाज मुद्रित करत राहा. सासूबाईंना प्रश्न विचारू नका, फक्त फोटो हातात द्या. आपण पत्रात ज्याचा उल्लेख केला आहे तो गड्ड्यावरच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेतल्या, फोटो स्टुडिओतला, रंगवलेल्या पडद्यापुढचा फोटो आधी द्या. कडेवर कोण आहे, मागे अर्धवट दिसणारी बाई कोण, ते पातळ कोणी घेतले होते, त्या वर्षी जत्रेच्या होम मैदानावर कोण कोण गेले होते, हे आपोआप येईल. त्या कन्नड किंवा तेलुगू शब्द मिसळून बोलत असतील तर तसेच राहू द्या, सोलापूरच्या घरांत बोलणे असेच असते आणि पुढे ऐकणाऱ्यांना तेच हवे असेल. एका बैठकीत दहा फोटो पुरे. यंत्र चेहरा ओळखते, एकाच माणसाचे फोटो एकत्रही करते, पण तो चेहरा आपल्या चुलत सासऱ्यांचा आहे आणि ते पहाटेच्या भोंग्याला गिरणीत जात असत, हे त्याला कोणीतरी सांगावेच लागते.

गड्ड्याच्या फोटोंबाबत तर हे अधिकच खरे आहे. यात्रेतल्या सात नंदीध्वजांच्या, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीत जिकडेतिकडे पांढरी बाराबंदीच, म्हणजे बंदांचा अंगरखाच, दिसते. दहा वर्षांचे फोटो एकत्र केले तर तैलाभिषेकाचा दिवस कोणता, अक्षता सोहळ्याचा कोणता आणि वर्ष कोणते, हे नुसते बघून घरच्यांनाही सांगता येत नाही. फोनने काढलेल्या मूळ फोटोच्या आत तारीख आणि वेळ लिहिलेली असते, म्हणून तिथे प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचा. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवताना तो आकसवते आणि त्यातली आतली माहिती गळून पडते. ॲन्ड्रॉइड फोनवर अशा फाइलच्या नावात ‘आयएमजी’नंतर एक तारीख आणि मग ‘डब्ल्यूए’ ही अक्षरे दिसतील, ती तारीख फोटो काढल्याची नसते, फाइल व्हॉट्सॲपमधून आल्या-गेल्याची असते. पुतण्याने २०१२ च्या यात्रेचा फोटो गेल्या आठवड्यात पाठवला असेल तर आपला फोन तो गेल्या आठवड्यातच लावणार. त्यामुळे जे फोटो कायम ठेवायचे आहेत ते नातेवाइकांकडून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवून घ्या, म्हणजे मूळ फाइल येते. २०२३ पासून फोटो पाठवताना एचडी हा पर्यायही मिळतो, तो नेहमीपेक्षा बरा, पण मूळ प्रत नव्हे.

जागेचा हिशेब. फोनच्या कॅमेऱ्याचा एक फोटो सरासरी ३ एमबी धरला तर ३८,००० फोटोंचे ११४ जीबी होतात. प्रत्यक्षात आपले एवढे नसतील, कारण त्यांतले पुष्कळसे व्हॉट्सॲपचे, आकसलेले आहेत. खरी जागा चित्रफिती खातात. एका मिनिटाच्या चित्रफितीला सहज १०० एमबीच्या आसपास लागतात. तेव्हा फोटो एकेक करून पुसत बसू नका, त्यात आठवडे जातील आणि मन थकेल. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेजच्या भागात जाऊन सर्वांत मोठ्या फाइली वर येतील अशी यादी लावा आणि पन्नास चित्रफिती काढून बघा. त्याच वेळी, गटांवर येणारे फोटो आपोआप उतरणे आणि गॅलरीत दिसणे या दोन्ही गोष्टी बंद करा. सुप्रभातचे फुलांचे फोटो पाठवणाऱ्यांचे प्रेम खरे असते, ते गटात बघावे, गॅलरीत साठवण्याची गरज नाही.

फोटोंचे घर म्हणून गूगल फोटोजच ठेवा. ते आपण आधीच वापरता, आणि गूगलच्या टेकआउट या सोयीतून सगळे फोटो एकगठ्ठा उतरवून घेता येतात. मोफत जागा १५ जीबी आहे आणि ती जीमेल, ड्राइव्ह व फोटोज या तिघांत मिळून आहे. १ जून २०२१ पूर्वी ‘उच्च दर्जा’ या पर्यायाने चढवलेले फोटो त्यात मोजले जात नाहीत. व्हॉट्सॲपची बॅकअप प्रतही आता याच १५ जीबीत मोजली जाते, हे अनेकांना ठाऊक नसते. जागा भाड्याने घ्यावी लागली तर एकाच ठिकाणी घ्या आणि बाकीची बंद करा.

इथे एक सावधगिरी अगदी ठळकपणे सांगते. गूगल फोटोजमध्ये एखादा फोटो ‘हटवा’ म्हटले की तो फोनमधूनही जातो आणि खात्यातूनही जातो. बॅकअप झालेला फोटो साठ दिवस कचरापेटीत राहतो, त्यानंतर कायमचा जातो. फोनमध्ये जागा करायची असेल तर डिव्हाइसवरची जागा मोकळी करण्याचा स्वतंत्र पर्याय आहे, तो फक्त फोनमधली प्रत काढतो. फोनमध्ये आणि खात्यात एकच फोटो दिसतो म्हणून दोन प्रती आहेत असे समजू नका, कारण एकीकडची चूक लगेच दुसरीकडे पोहोचते.

म्हणून दुसरी प्रत हार्ड डिस्कवर हवीच. एक टेराबाइटची एक डिस्क आपल्याला वर्षानुवर्षे पुरेल. तिच्यावर वर्षाचा एक फोल्डर आणि त्यात प्रसंगाचा एक, एवढीच मांडणी ठेवा. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग प्रसंग: २०२४-०१-१४ गड्डा. असे लिहिले की फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. अंक मात्र एकाच लिपीतले वापरा. देवनागरी दोन आणि इंग्रजी दोन ही संगणकाच्या लेखी वेगवेगळी अक्षरे आहेत, दोन्ही मिसळले की क्रम विस्कटण्याची शक्यता असते. मूळ डिस्क आपल्याकडे आणि तिची एक प्रत पुण्याला मुलाकडे ठेवा, म्हणजे दिवाळीला येताना नव्या ॲपऐवजी तो ती डिस्क घेऊन येईल आणि वर्षाचे फोटो तिच्यात भरून नेईल. चारही पेनड्राइव्ह रिकामे करून फक्त ने-आण करण्यासाठी वापरा. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे कपाटात ठेवून त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

डिस्क ठेवण्याच्या जागेविषयी सोलापूरकरांना वेगळे सांगावे लागते. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशीच्या वर असताना पत्र्याखालचा पोटमाळा किंवा गच्चीलगतच्या खोलीतल्या कपाटाचा वरचा कप्पा अक्षरशः भट्टी होतो. डिस्क तळमजल्यावर, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, डब्यात ठेवा. माझ्या वडिलांची पत्रे मी स्कॅन करून एकाच डिस्कवर ठेवली होती. ती चालेना म्हणून एका दुकानात दुरुस्तीला दिली आणि परत आली ती कोरी होऊन. मूळ पत्रे तोवर घर बदलताना गेली होती. त्यात त्यांनी माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी लिहिलेले पत्र होते. दुसऱ्या प्रतीचा आग्रह मी धरते तो या अनुभवातून, आणि आपल्यावर तशी वेळ येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

लेखनाकडे वळते. आपले जुने लेख हरवलेले नाहीत, ही पहिली आनंदाची गोष्ट. त्या काळी मराठी टंकलेखन बहुधा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये होत असे. त्यात देवनागरी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत, त्यामुळे तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर नसेल तर मूळची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात आणि आपल्याला खिचडी दिसते. युनिकोडमध्ये तसे होत नाही. तिथे ‘क’ या अक्षराचा स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५, आणि तो जगातल्या कोणत्याही फोनवर ‘क’च राहतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक मिळतात, किंवा डीटीपीचे काम करणाऱ्याकडून हे करून घेता येते. मात्र परिवर्तन झाले म्हणजे काम संपले असे नाही. रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, पहिली वेलांटी भलत्या जागी बसते, ‘श्र’ आणि ‘क्ष’ची मोडतोड होते. जुन्या लॅपटॉपवर तो फॉन्ट अजून असेल तर आधी प्रत्येक लेखाची पीडीएफ काढून ठेवा, मग ती समोर ठेवून नवा मजकूर ओळीओळीने ताडून बघा. शाळेच्या वह्या तपासलेल्या हाताला हे काम जड जाणार नाही. मूळ फाइलही टाकू नका.

पुढचे सगळे लेखन युनिकोडमध्येच करा. पाच टिपणांच्या ॲपपैकी एक ठेवा. मी गूगल कीप सुचवीन, तेही फक्त चार ओळींच्या गोष्टींसाठी: किराणा, औषधे, मनात आलेले एखादे वाक्य. लांब लेखन गूगल डॉक्समध्ये किंवा वर्डमध्ये, दोन्हींत मात्र नको. दर तीन महिन्यांनी लेखांच्या प्रती डिस्कवर उतरवा, आणि त्यासोबत साधी मजकूर-फाइलही ठेवा, कारण ती उघडायला कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही. टंकलेखनाने बोटे दुखत असतील तर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी आवाजी टंकलेखन आहे. ते विरामचिन्हे धड देत नाही आणि सोलापुरी बोलणे कधी कधी भलतेच ऐकते, पण पहिल्या खर्ड्यासाठी उत्तम आहे. उरलेल्या चार ॲपमधली टिपणे सुबकपणे हलवण्याच्या फंदात पडू नका. एका दुपारी चारही उघडा, अजून हवीशी वाटणारी टिपणे कीपमध्ये नकलून घ्या, बाकीची एका फाइलमध्ये एकगठ्ठा ओता, फाइल डिस्कवर टाका आणि ॲप काढून टाका. डायरी आपण हाताने लिहिता असे पत्रावरून दिसते. ती हातानेच लिहा. महिन्याच्या शेवटी पानांचे फोटो काढले की दुसरी प्रत झाली.

वाचनाविषयी थोडक्यात. पॉकेटसारखे दुसरे ॲप शोधू नका. क्रोममध्ये वाचनयादी असते, तीत दहाच लेख ठेवायचे असे ठरवा. अकरावा घालायचा असेल तर एक वाचा किंवा काढा. पुन्हा लागेल असा लेख मात्र नुसता दुवा म्हणून ठेवू नका, दुवे मरतात. छपाईच्या पर्यायातून त्याची पीडीएफ करा आणि डिस्कवरच्या ‘वाचन’ या फोल्डरमध्ये ठेवा. मराठी विश्वकोश आणि विकिस्रोत इंटरनेटवर खुले आहेत, त्यांतले काही उतरवून साठवण्याची गरज नाही. दिवाळी अंकांच्या पीडीएफ चाळीस जमल्या आहेत असे आपण लिहिता. त्यांतला किती मजकूर वाचून झाला, याचा हिशेब एकदा करा. फोनवर डोळे शिणत असतील तर हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन अंक हातात घेऊन वाचणे हाही साधन कमी करण्याचाच एक मार्ग आहे.

आता किल्ल्या. हे सगळे एका गूगल खात्यावर उभे राहणार आहे, तेव्हा त्या खात्याचा पासवर्ड एका वहीत लिहून बँकेच्या पासबुकांसोबत ठेवा. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, हे आजच बघा. जुने सिम बंद झाल्याने खाते उघडता न येणाऱ्यांची पत्रे मला सतत येतात. दोन वर्षे अजिबात न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल काढून टाकू शकते, म्हणून आपले दुसरे, जुने खाते असेल तर त्यातले फोटो आधी हलवा. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘निष्क्रिय खाते’ अशी एक सोय आहे. आपण ठरवलेल्या काळापर्यंत खाते वापरले गेले नाही तर कोणाला कळवायचे आणि कशाचा ताबा द्यायचा, हे तिथे नोंदवता येते. मुलाचे नाव तिथे घाला आणि त्याला तसे सांगूनही ठेवा.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात सासूबाई आणि अल्बम, पुढच्या पंधरवड्यात डिस्क आणि तिची प्रत, मग लेखांचे परिवर्तन. फोनमधल्या फोटोंची निवड सर्वांत शेवटी, आणि तीही रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटे. एका वेळी एकच महिना घ्या, एकसारख्या सहा फोटोंतला एक ठेवा आणि ठेवलेल्याला दोन शब्दांचे वर्णन द्या. संक्रांतीपर्यंत सगळे पूर्ण झाले नाही तरी चालेल.

जुना लॅपटॉप भंगारात द्यावा का, असे आपण ताजा कलममध्ये विचारले आहे. लेखांच्या पीडीएफ निघून त्या डिस्कवर उघडून बघितल्याखेरीज देऊ नका. त्यानंतरही देताना आतली हार्ड डिस्क काढून घ्या. तंत्रज्ञाला ते पाच-दहा मिनिटांचे काम आहे, आणि ते आपल्यासमोर बसूनच करून घ्या.